जर्मनीतल्या ॲडमिशनच्या रांगा

लायप्झिग
2 फेब्रुवारी 2025

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तीन प्रश्न एका दमात विचारलेस आणि मीही तिन्हींची उत्तरं एकात एक कालवली. म्हणून हे लिहून पाठवते. चिनूला बारावीनंतर थेट इथं इंजिनिअरिंगला येता येईल का, ताईच्या ओंकारला बी.ई.नंतर मास्टर्स मिळेल का आणि वहिनींच्या मनात असलेलं मेडिकल. तिन्हींचे रस्ते सुरुवातीपासूनच वेगळे आहेत.

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, कितीला लिस्ट बंद झाली? इथं आधी विचारतात, हा अर्जदार कुठल्या रांगेतला? रांग चुकली तर 95 टक्क्यांचा अर्जही परत येतो, आणि फी काही परत येत नाही. पुष्कळदा रांग पासपोर्टवर ठरतही नाही, शाळा कुठं झाली त्यावर ठरते. भारतीय पासपोर्टची मुलगी म्युनिकच्या शाळेतून जर्मन बारावी, म्हणजे आबिटूर, झाली असेल तर ती जर्मन मुलांच्याच रांगेत. तीच पुण्यात बारावी झाली तर परदेशी प्रमाणपत्रवाल्यांच्या रांगेत. आणखी गंमत सांगते. इथं आबिटूर न झालेल्यांसाठीही रांग आहे. सुतार, गवंडी, बेकर अशा धंद्यात 'माइस्टर'ची परीक्षा दिलेल्याला 2009 पासून विद्यापीठ खुलं आहे. नुसतं धंदेशिक्षण आणि वर तीन वर्षं काम झालेल्यालाही त्याच विषयापुरता प्रवेश मिळू शकतो. आपल्याकडे आयटीआयवाल्याला हे सांगितलं तर तो हसेल.

आता चिनू. महाराष्ट्र बोर्डाची बारावी हातात आहे एवढ्यावर इथल्या पदवीच्या पहिल्या वर्गात बसता येत नाही. कारण साधं आहे: त्यांच्या मते आपली बारावी त्यांच्या आबिटूरएवढी नाही. ती उणीव भरून काढायला तीन रस्ते आहेत.

पहिला जेईई ॲडव्हान्स्डचा. मेन नव्हे. मेनमधल्या वरच्या अडीच लाख मुलांनाच ॲडव्हान्स्डला बसता येतं, आणि त्यात जो पात्र ठरतो त्याला इंजिनिअरिंग आणि नैसर्गिक विज्ञानाच्या विषयांत थेट अर्ज करता येतो. आयआयटीची सीट मिळायला हवी असं नाही, पात्र ठरला एवढं पुरे. या रस्त्यानं मानसशास्त्र किंवा कायदा मात्र मिळणार नाही.

दुसरा रस्ता आपल्याकडे एक वर्ष काढायचा. मान्यताप्राप्त विद्यापीठात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष किंवा एफवाय बी.एस्सी. पूर्ण करायचं आणि त्याच किंवा जवळच्या विषयाला अर्ज करायचा. यात घसरायला होतं ते 'पूर्ण' या शब्दावर. एटीकेटी घेऊन सेकंड इयरला बसलेल्या मुलाला वाटतं, आपलं वर्ष झालं. त्याच्या कॉलेजच्या हिशोबात ते झालेलं असतं, इथल्या हिशोबात राहिलेलं असतं. एक विषय अडकला तरी तो सुटल्यावरच अर्ज करावा. आणि हे वर्ष फक्त दार उघडायला. आल्यावर बहुधा पुन्हा पहिल्या सेमिस्टरपासूनच.

तिसरा रस्ता 'श्टुडिएनकोलेग'चा. हे दोन सेमिस्टरचं तयारीचं वर्ष. सरकारी कोलेगला शिकवणी फी नसते, फक्त सेमिस्टरचा वर्गणीवजा खर्च. एक इथं लायप्झिगमध्येच आहे. इंजिनिअरिंगवाल्यांचा वर्ग 'टी', मेडिकल-जीवशास्त्रवाल्यांचा 'एम', अर्थशास्त्र-व्यवस्थापनवाल्यांचा 'डब्ल्यू'. बारावीला जी शाखा होती तिच्याशी जुळणाराच वर्ग मिळतो. कॉमर्सचा मुलगा 'टी'मध्ये घुसू शकत नाही. शेवटच्या परीक्षेत नापास झालं तर आणखी एकच संधी.

पण कोलेगात शिरायलाच परीक्षा असते, आणि आपली मुलं आपटतात ती इथं. 'टी'साठी गणित आणि जर्मन. गणिताला घाबरायचं कारण नाही: लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, समीकरणं, सगळं अकरावीतलं. फक्त कॅल्क्युलेटर बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि प्रश्न जर्मनमध्ये असतात. जर्मनचा पेपर बरेचदा 'सी-टेस्ट' पद्धतीचा असतो. छोटे छोटे उतारे देतात. पहिलं वाक्य अख्खं असतं, पुढे दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गाळलेला असतो. मराठीत करून दाखवायचं तर असं: 'काल पाऊस पडला. गावातल्या ओढ्या- मोठा पू- आला आ- शाळा बं- राहिली.' आपण हे सहज भरतो, कारण 'ला' लागणार की 'ला'च्या जागी 'चा', हे कान सांगतो. जर्मनमध्ये तोच कान लागतो: तीन लिंगं, चार विभक्त्या, प्रत्येकीचा वेगळा शेवट. पाठांतरावर बी1, म्हणजे जर्मनची मधली पातळी, काढलेली मुलं इथं निम्मे शब्द चुकवतात. म्हणून चिनूला जर्मन शिकायला मॅक्स म्युलर भवनात घालायचं असेल तर बी2, म्हणजे त्यापुढची पातळी, पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला पाठवू नकोस, कागदावर बी1 पुरत असलं तरी. पदवीला बसताना तर सी1च्या आसपासचं जर्मन लागतं, म्हणजे टेस्टडाफ या भाषापरीक्षेच्या चारही भागांत 4 किंवा डीएसएच या दुसऱ्या परीक्षेत डीएसएच-2. इंग्रजीतून पदवी आहेत, पण थोड्या, आणि त्यातल्या बऱ्याच खाजगी, भरमसाठ फीच्या. एजंट नेमक्या त्याच पुढे करतात.

माझं मत विचारशील तर चिनूनं दुसरा रस्ता धरावा. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. ऑनलाइन निकालाची प्रिंट इथं कोणी धरत नाही, मूळ मार्कशीट हवी. तिच्यावर एपीएसचं प्रमाणपत्र (ते काय, खाली सांगते), मग अर्ज. बहुतेक विद्यापीठांची हिवाळी सेमिस्टरची शेवटची तारीख 15 जुलै. एवढ्या दिवसांत ही साखळी जुळवायची म्हणजे सगळ्यांच्या तोंडाला फेस येतो. आपल्याकडचं एक वर्ष आणि त्याच वर्षात बी2, हे जास्त शहाणपणाचं.

एपीएस म्हणजे दिल्लीतलं कागदपत्रं तपासणारं कार्यालय. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्याला व्हिसासाठी त्यांचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. फी 18,000 रुपये. नोंदणी ऑनलाइन. इथं महाराष्ट्राच्या मुलांची एक खास अडचण होते ती नावाची. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. दहावीच्या मार्कशीटवर 'श्री' जोडून, बारावीवर तोडून, असंही पाहिलंय. इथल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. चिनूचे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून एक-एक अक्षर ताडून बघ, आणि फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे. बोर्डाकडून दुरुस्ती व्हायला काय लागतं ते तुला सांगायला नको.

टक्क्यांचं जर्मन गुणांत रूपांतर कसं करतात हेही तू विचारलंस. त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. इथं 1 सर्वोत्तम आणि 4 काठावर पास. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल वजा किमान-पास यानं भागायचं, आलेल्याला 3नं गुणायचं आणि 1 मिळवायचा. समज चिनूला 78 टक्के पडले. आपल्या बोर्डात पास 35ला. 22 भागिले 65, गुणिले 3, अधिक 1: आले 2.015. तेच 78 सीबीएसईत असते, जिथं पास 33ला, तर 1.985. फरक किरकोळ, पण कळतं ना, किमान-पासचा आकडाही हिशोबात येतो.

ओंकारच्या बाबतीत हाच आकडा महत्त्वाचा. त्याचं सीजीपीए समज दहापैकी 8.2. पासची पायरी 4 धरली तर 1.9, 5 धरली तर 2.08. मास्टर्सला पुष्कळ ठिकाणी 2.0 किंवा 2.5 अशी रेघ मारलेली असते, त्यामुळे एवढ्यावरच आत-बाहेर ठरतं. त्याच्या ट्रान्सक्रिप्टवर कमाल आणि किमान-पास ग्रेड छापलेले नसतील तर विद्यापीठाकडून शिक्क्याचं पत्र घ्यायला सांग.

त्याच्यासाठी गुणांपेक्षाही मोठी गोष्ट विषयांची. मास्टर्सला ते क्रेडिट मोजतात, इथल्या मापानं एका वर्षाचे 60. पदवी किमान 180ची हवी, ते बी.ई.ला अडत नाही. पण कम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला 'इतके क्रेडिट गणिताचे, इतके सैद्धांतिक संगणकशास्त्राचे' अशी यादी असते. मेकॅनिकलचा मुलगा डेटा सायन्सला अर्ज करतो आणि नऊ पॉइंटर असूनही नकार येतो, तो यामुळे. कोर्सेरासारख्या ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं तिथं मोजत नाहीत. अर्जाला सगळ्या सेमिस्टरचा तपशीलवार सिलॅबस जोडायचा. ओंकार डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला गेलाय, तेव्हा डिप्लोमाच्या सगळ्या मार्कशीटही हव्यात, नाहीतर त्याच्या पदवीचं पहिलं वर्षच गायब दिसतं.

अर्ज बऱ्याच विद्यापीठांचे 'युनि-असिस्ट' या बर्लिनच्या संस्थेमार्फत जातात. पहिल्याला 75 युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30. 15 जुलै म्हणजे कागद त्या दिवशी त्यांच्याकडे पूर्ण असले पाहिजेत. तपासणीत काही कमी निघालं तर पुन्हा जोडायला वेळ उरावा म्हणून सहा-आठ आठवडे आधी पाठवायचे.

फुकट शिक्षण हेही अर्धंच खरं. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो लागतात. टीयू म्युनिक या विद्यापीठानं 2024-25च्या हिवाळ्यापासून पदवीला 2,000 ते 3,000 आणि मास्टर्सला 4,000 ते 6,000 सुरू केलेत, तेही सेमिस्टरला. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो. ती फी नाही, आपलेच पैसे, महिन्याला 992 असे सुटतात. पण एकदम उभे करावे लागतात.

वहिनी, मेडिकलबद्दल सरळच सांगते. युरोपबाहेरच्यांसाठी जागा साधारण शंभरात पाच, शिक्षण सहा वर्षांचं आणि सगळं जर्मनमधून. ते जमलं असं धरलं तरी 2021च्या भारतीय नियमानुसार परदेशातलं वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून झालेलं असलं पाहिजे, तरच इथं येऊन... म्हणजे तिकडे परत येऊन प्रॅक्टिस करता येते. तेव्हा जर्मनीची वाट धरली तर दवाखाना नगरला निघणार नाही, इकडेच निघेल. ते चालणार असेल तर पुढचं बोलू.

चिनूची परीक्षा तोंडावर आहे, तिला यातलं काही आत्ता वाचायला देऊ नका. दादा, तू मात्र या रविवारी दहावीची मार्कशीट, बारावीचं हॉल तिकीट आणि पासपोर्ट, तिन्हींचे फोटो काढून पाठव. नावाचं मी बघते.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
मनू