बर्लिनच्या नंबरपाटीवाल्या मावशींना

प्रिय मावशी,

तुमचं नाव मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. त्यामुळे हे पत्र पेटीत टाकायची सोय नाही, असं उघड्यावरच ठेवतोय. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, साविन्यीप्लात्सजवळची गल्ली, आणि सायकलींच्या वाटेत मधोमध उभा राहून मोबाइल उंचावणारा एक माणूस, एवढ्यावरून तुम्हाला आठवेल. त्याची बाही धरून तुम्ही त्याला फुटपाथवर ओढलंत. मागून आलेला सायकलवाला जाता जाता काहीतरी ओरडून गेला. मी त्याचा अर्थ विचारला, तर तुम्ही म्हणालात, "सुट्टीवर आलात ना? मग नकोच."

मराठीत लिहितोय, कारण निघताना तुम्हीच बजावलं होतं की लिहायचं झालं तर आपल्या भाषेत लिहा. तुमचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच अडखळणारं. त्यापेक्षा तुमच्या फोनमधलं यंत्र वाचून दाखवेल ते बरं.

त्या सकाळची हकिगत तुम्हाला पूर्ण सांगायची राहूनच गेली. आदल्या रात्री तुमच्या देशातली घड्याळं एक तास मागे गेली होती. मोबाइलने ते गुपचूप उरकलं, माझ्या मनगटावरच्या घड्याळाने नाही. मी मात्र भरवसा ठेवला मनगटावर, आणि सगळ्यांना तासभर आधी उठवून बसलो. नाश्ता होईपर्यंत बायको माझ्याशी बोलत नव्हती. खरेदीची यादी हातात घेऊन बाहेर पडलो तर दुकानं बंद. जर्मनीत रविवारी दुकानं उघडत नाहीत, हे आम्ही प्रवासाच्या तयारीत तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा विसरलो होतो. शेवटी बायको आणि लेक माउअरपार्कच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेल्या. विमान रात्रीचं होतं. माझ्या पदरात दिवसाचे कितीतरी तास पडले, त्यातला एक तर चक्क फुकटातला.

गाड्या बघायच्या एवढंच डोक्यात होतं. कुरफ्युर्स्टेनडामवर भारी गाड्या फिरतात असं ऐकलं होतं, म्हणून तो साडेतीन किलोमीटरचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मिळालं काय? बस, टॅक्सी, फोक्सवॅगनची गोल्फ, टॅक्सी, गोल्फ. दोन पोर्शे दिसल्या, त्यातली एक बॅटरीवरची, आवाज न करता शेजारून निघून गेली. त्या गाड्या रात्री बाहेर पडतात, सकाळी दहाला नाही, हे तुम्ही नंतर हसत हसत सांगितलंत. तर कंटाळून गल्लीत वळलो, लांबवर एक लाल उघडी गाडी वळणावर नाहीशी होताना दिसली, आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्ही विचारलंत, "कुठली होती?" मी म्हटलं, अल्फा रोमिओ असावी. "पाटी वाचलीत?" पाटी कशाला वाचायची, असा माझा चेहरा झाला असणार. तुम्ही हातातली पिशवी खाली ठेवलीत. बरीच वर्षं गाड्यांच्या नोंदणी कार्यालयात खिडकीमागे बसून काढली, हजारो पाट्यांवर स्वतःच्या हाताने मोहोर चिकटवली, आता निवृत्त आहे, म्हणालात. "माणसांचे चेहरे मी विसरते. पाट्या नाही."

मग तुम्ही मला ज्या गाडीजवळ नेलंत, तिच्याकडे मी एरवी ढुंकूनही पाहिलं नसतं. राखाडी रंगाची, तिसऱ्या पिढीची गोल्फ, दारावर ओरखडा. पाटीच्या शेवटी एच हे अक्षर. एच म्हणजे ऐतिहासिक. गाडीची पहिली नोंदणी किमान 30 वर्षांपूर्वीची हवी, गाडी जपलेली हवी, मूळ रूपात हवी, तेव्हा कुठे हे अक्षर मिळतं. मग इंजिन कितीही मोठं असो, वर्षाचा कर ठरलेला, 191 युरो आणि वर थोडे सेंट. शिवाय एस-बान या शहरी रेल्वेच्या वर्तुळाच्या आत यायला इतर गाड्यांच्या काचेवर जो हिरवा बिल्ला लागतो, तो हिला माफ. मी हिशेब केला. ही तर माझ्या कॉलेजच्या दिवसातली गाडी! त्या वेळी मासिकात तिची पहिली चित्रं बघितली होती, आणि आता ती ऐतिहासिक? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला एच मिळून तर किती वर्षं झाली." त्यावर हसावं की नाही, मला कळेना. तुम्हीच आधी हसलात.

त्यानंतरची तुमच्यासोबतची पाऊण तासाची चाल म्हणजे माझ्या सगळ्या सहलीतला सर्वात सावकाश आणि सर्वात भरगच्च प्रवास. आपण फार तर चार गल्ल्या फिरलो असू.

मागच्या पाटीवरचा तो गोल रंगीत शिक्का. मला तो शोभेचा वाटला होता. तुम्ही सांगितलंत, तो घड्याळासारखा वाचायचा: मध्ये वर्ष, आणि बाराच्या जागी जो आकडा येईल तो महिना. तेवढ्या महिन्यापर्यंत गाडीची तपासणी वैध, पुढे परत न्यायची. नव्या गाडीला पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. रंग दरवर्षी बदलतो, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळतं. एका डिलिव्हरी व्हॅनचा शिक्का बघून तुम्ही जीभ चावलीत. "याला दोन महिने उशीर झालाय." आणि तिथे उभं राहून त्या मालकाची वाट बघावी की काय, असा विचार तुमच्या मनात आल्याचं मला स्पष्ट दिसलं. सवय जात नाही ना?

आर या अक्षराला मध्ये चीर का असते, हेही तुम्हीच दाखवलंत. मला वाटलं रंग उडालाय. पण 1995 पासून पाट्यांसाठी खास अक्षरं आली, अशी की थोडा काळा रंग फासून पीचा आर करता येऊ नये, एफचा ई करता येऊ नये, तीनाचा आठ करता येऊ नये. प्रत्येक अक्षर मुद्दाम जरा वेडंवाकडं, म्हणजे बनवाबनवी लगेच डोळ्यात भरेल. देखणी अक्षरं नाहीत ती. पण कामाची आहेत, आणि एकदा कळल्यावर मला ती आवडायला लागली.

सुरुवातीच्या अक्षरांवर तर तुम्ही खुलून बोललात. बी म्हणजे बर्लिन, एम म्हणजे म्युनिक, एचएच म्हणजे हान्झाचं, जुन्या व्यापारी संघाचं, शहर हाम्बुर्ग. साधारणपणे शहर मोठं तर अक्षरं कमी, एवढं तर मीही ताडलं होतं. पण एलची गोष्ट मला कुठल्याही प्रवासाच्या पुस्तकात सापडली नसती. 1956 साली पश्चिम जर्मनीने ही पद्धत सुरू केली, तेव्हा देशाचे दोन तुकडे झालेले. तरीही पूर्वेकडच्या शहरांची अक्षरं त्यांनी राखून ठेवली, कधीतरी लागतील म्हणून. एल हे लाइप्झिगचं. तुमचं गाव. वाट बघून बघून पुढे सत्तरच्या दशकात ते हेसन राज्यात लान नदीकाठच्या लोकांना देऊन टाकलं. आणि मग 1990 साली देश एक झाला! लानवाल्यांना एल परत द्यावा लागला, त्यांना तीन अक्षरांची नवी पाटी आली. "आमचं अक्षर उसनं गेलं होतं," तुम्ही म्हणालात, "पण परत मिळालं." इतकं बोलून तुम्ही एकदम पुढच्या गाडीकडे वळलात. मीही काही विचारलं नाही.

खिडकीमागचे किस्से मी घरी सगळ्यांना सांगितले. 10 युरो 20 सेंट जादा भरले की मनासारखी अक्षरं मागता येतात, म्हणून लग्न ठरलेली जोडपी दोघांची आद्याक्षरं आणि लग्नाचं वर्ष मागायला येत. काही वर्षांनी त्यातलाच एकजण पाटी बदलून मागायला येई. त्याला तुम्ही कारण विचारत नव्हतात. आणि नाझी काळाची आठवण देणारी जी दोन अक्षरं शेजारी बसवायला परवानगीच नाही, एसएस, एचजे, केझेड, ती कुणी अजाणतेपणी मागितली तरी तुम्ही नुसती मान हलवून नाही म्हणायचात. हे सांगताना मात्र तुमचा आवाज सरकारी झाला होता.

शून्याने सुरू होणारी एक काळी गाडी सिग्नलला थांबली. वकिलातीची. राष्ट्राध्यक्षांची पाटी 0-1 आणि चान्सलरांची 0-2, हे तुम्ही कुजबुजत का सांगितलंत, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि मग त्या दिवसाचा खरा खजिना. एका झाकलेल्या गाडीच्या पाटीच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन बारीक आकडे होते: 04, खाली 10. मला वाटलं, हा अपूर्णांक कसला? ती हंगामी पाटी. एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने ती गाडी रस्त्यावर यायची, कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. एक नोव्हेंबर उजाडला की चालवणं सोडाच, रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करायची नाही. तुम्ही तारखेकडे बोट दाखवलंत. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, ऊन पडलेलं. "आज सगळे शेवटची फेरी मारायला बाहेर पडतील. श्रीमंतांच्या रस्त्यावर काय उभे होतात? मोआबिट भागातल्या क्लासिक रेमीझला जा." माझ्या सुट्टीचा शेवटचा दिवस आणि त्या गाड्यांचाही!

पिशवीतल्या पावतीच्या पाठीवर तुम्ही रस्ता लिहून दिलात. साविन्यीप्लात्सहून वेस्टक्रॉयत्स, तिथे बदलून रिंग, म्हणजे ती वर्तुळात फिरणारी एस-बान. एस 41, एस 42 नाही. 41 घड्याळाच्या दिशेने फिरते, 42 उलटी. 41 खाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. मी घड्याळाच्या बाबतीत सकाळीच काय दिवे लावले होते, हे तुम्हाला माहीत नसूनही तुम्हाला माझी खात्री वाटली नव्हती, आणि ते योग्यच होतं. बॉयसेलश्ट्रासेला उतरलो, चालत वीबेश्ट्रासेला पोचलो. ती पावती अजून माझ्या पाकिटात आहे. मागच्या बाजूवरून कळतं की तुम्ही आदल्या दिवशी बटाटे आणि मांजराचं खाणं घेतलं होतं.

क्लासिक रेमीझ. शंभर वर्षांहून जुनं विटांचं ट्राम डेपो, 2003 पासून जुन्या गाड्यांचं घर. आत जायला पैसे नाहीत. कडेला काचेच्या पेट्यांची दुमजली रांग, लोक भाडं भरून आपल्या गाड्या त्यात ठेवतात, आणि येणारे-जाणारे काचेला नाक लावून बघतात. संग्रहालय म्हणावं तर तसं नाही, कारण बाजूला कुणीतरी गाडीखाली आडवा पडून खरंच नट आवळत असतो. समोरून दार उघडणारी इझेट्टा बघितली. पूर्व जर्मनीची ट्राबांटही होती, कापसाच्या टाकाऊ धाग्याला राळेत दाबून केलेल्या पत्र्याची, दोन-स्ट्रोक इंजिनाची. जिच्यासाठी तुमच्या वडिलांनी दहा वर्षांहून जास्त वाट बघितली, तीच ना? तिच्यासमोर जरा जास्त वेळ थांबलो, तुमच्या वतीने.

पण काचेतल्या गाड्यांपेक्षा मी दाराशीच जास्त रमलो. तुमचं म्हणणं अगदी खरं होतं. एकामागून एक गाड्या आत येत होत्या, हिवाळ्यासाठी. एक वयस्क जोडपं फिकट निळी उघडी बीटल घेऊन आलं. दोघांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या, नाकं लाल. त्याने छत ओढून बंद केलं, तिने प्रत्येक बकल स्वतः तपासलं. मग तो पुढे गेला आणि ती मागे राहून पाटी रुमालाने पुसत बसली. उन्हाळाभराचे किडे होते त्यावर. घड्याळं मागे गेल्यामुळे पाचच्या आतच अंधारून आलं, डेपोतले दिवे लागले, आणि मला विमानाची आठवण झाली.

रात्री विमानतळाच्या गाडीत लेकीने विचारलं, "बाबा, फेरारी दिसली का?" मी म्हटलं, नाही, पण आर दिसला. तिने आईकडे बघितलं. समजावून सांगायला विमानात वेळ मिळाला.

मावशी, सायकलीखाली येता येता वाचवल्याबद्दल आभार. पण त्याहून जास्त आभार त्या पाऊण तासाचे. तुम्ही बटाट्याएवढ्याच सहजपणे मला एक अख्खं शहर वाचायला दिलंत, आणि तेही मी सायकलवाटेवर उभा राहण्याइतका वेंधळा आहे हे बघितल्यावर. घरी आल्यापासून बायको म्हणते, हे रस्त्याने चालताना माणसांकडे बघतच नाहीत, गाड्यांच्या मागच्या बाजूला बघतात. तुमचा पत्ता असता तर तिने वेगळं पत्र लिहिलं असतं.

निघताना तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, सगळ्यात आवडलेली पाटी कुठली ते कळवायचं. दुसरी, कुणाचीही पाटी चारचौघात दाखवायची नाही, गाडी त्यांची आहे, आपण फक्त बघणारे. म्हणून या पत्राला फोटो जोडलेला नाही. ती निळी बीटल होती. बीने सुरू होणारी, शेवटी एच, कडेला 04 आणि 10. मधली अक्षरं आणि आकडे मला पाठ आहेत, पण सांगणार नाही.

तुमचा,
सायकलवाटेवरचा पाहुणा