स्कोप खालीच ठेवणाऱ्या त्या तरुणास

नेरुळ, नवी मुंबई
फाल्गुन वद्य त्रयोदशी

सप्रेम नमस्कार,

आपले नाव विचारायचे राहून गेले. परवा एकादशीला सकाळी नेरुळच्या टी. एस. चाणक्य संस्थेमागच्या पाणथळीच्या बांधावर आपण स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, लावून उभे होता. आपल्या डोक्यावर हिरवी कापडी टोपी होती आणि गळ्यात दोरीने एक लहान वही अडकवलेली होती. माझ्या हातात काठी होती आणि खांद्यावर निळी कापडी पिशवी. एवढ्या खुणांवरून आपण स्वतःला ओळखाल आणि हे पत्र कुणाच्या तरी हातून आपल्यापर्यंत पोहोचेल, या आशेने ते उघडपणे लिहीत आहे. दोन दिवस झाले तरी भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना मध्येच माझे डोळे भरून येतात. कशाने ते कुणाला तोंडी सांगायला गेले, तर ऐकणाऱ्याला ती गोष्ट फार लहान वाटते. म्हणून ती सावकाश लिहिलेली बरी.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. १९७५ साली लागले आणि २०१३ साली साठाव्या वर्षी निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षे परगावचे कॉल हाताने जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली. तेव्हा साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन प्रकारचे कॉल असत, आणि साधा कॉल लावून गावाकडच्या खबरीसाठी तासन्‌तास वाट पाहणारी माणसे आमच्या कानाशी रोज बोलत. समोरचा माणूस आम्हाला कधीच दिसत नसे, फक्त ऐकू येई, त्यामुळे आवाजाच्या पहिल्या चार शब्दांत माणूस ओळखण्याची एक सवय लागली, ती अजून गेलेली नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण परवा आपल्याला मी नीट पाहिलेलेही नव्हते, तेव्हा आपला आवाज ऐकला होता आणि इथे थांबायला हरकत नाही, असे माझ्या मनाने तेवढ्यावरूनच ठरवले होते.

निवृत्तीनंतरचे माझे दिवस भरलेले आहेत आणि मला ते फार आवडतात. पहाटे साडेपाचचा चहा मी गॅलरीत उभी राहून घेते, कारण त्या वेळी पाम बीच रस्त्यावर गाड्यांचा आवाज नसतो आणि खाडीकडून येणारा वारा अजून गार असतो. मग फिरणे, मग स्टेशनजवळून भाजी, दुपारी भिंग घेऊन शब्दकोडे आणि संध्याकाळी खाली बाकावर तासभर गप्पा. करावे गावातून एक मासेवाली गेली कित्येक वर्षे आमच्या इमारतीत येते. तिने मला तिथीवरून भरती काढायला शिकवले: पक्षातली जी तिथी असेल तिला पाऊण तासाने गुणायचे, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. खाडीत थोडी मागेपुढे होते, पण तिच्या हिशेबात फारशी चूक निघत नाही. रोज सकाळी दिनदर्शिकेवर तिथी पाहून मनातल्या मनात गुणाकार करणे हा माझा एक मोठा आनंद आहे. पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर समुद्र आत येतो आहे की बाहेर जातो आहे, हे स्वयंपाकघरात उभे राहून आपल्याला ठाऊक असावे, यात एक प्रकारची श्रीमंती आहे.

भरतीचा हा हिशेब मला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांपर्यंत घेऊन आला. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर चरतात आणि भरतीने चिखल झाकला की आतल्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, म्हणून ते जवळून पाहायचे तर भरतीची वेळ गाठावी लागते, हेही त्या मासेवालीनेच सांगितले. आमचे शहर आता स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवते आणि त्यांचे पुतळेही इथे उभे आहेत. पण १९९४ पासून इथे राहत असूनही मी पाहिलेला पक्षी तो पुतळ्यातलाच. माझा उजवा डोळा काचबिंदूने जवळजवळ गेलेला आहे आणि डाव्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. बांधावरून मला पाण्याच्या पलीकडे एक पुसट गुलाबी रेघ दिसे. ती रेघ पाहायला मी तीन हिवाळे जात होते, आणि रेघ पाहूनच परत येत होते.

त्या तीन हिवाळ्यांत जे झाले तेही सांगते, म्हणजे आपण काय केलेत ते आपल्याला कळेल. पहिल्या वर्षी मी एका दुकानातून चांगली महागातली दुर्बीण घेतली. विकणाऱ्याने ती किती लांबचे दाखवते हे पुष्कळ सांगितले, पण माझ्या डोळ्यांविषयी एक प्रश्न विचारला नाही, आणि एकच डोळा चालणाऱ्या माणसासाठी त्या दोन नळ्यांतली एक निव्वळ वजन आहे, हे मला घरी आल्यावर समजले. माझ्या हातांना थोडा कंप आहे, त्यामुळे उरलेल्या नळीतही चित्र ठरत नसे. दुसऱ्या वर्षी पैसे भरून एका पक्षीसहलीला गेले. तिथे स्कोप होता, रांग होती, आणि माझी पाळी आली तेव्हा स्कोपची काच माझ्या कपाळाच्या वर होती. मी टाचा उंचावून पाहण्याचा प्रयत्न करत असताना सहलीचे प्रमुख म्हणाले, "आजी, तुम्हाला तसंही काही दिसणार नाही, तुम्ही गाडीत बसा, मी फोटो ग्रुपवर टाकतो." त्यांनी फोटो टाकले, ते शब्दाचे पक्के होते. मी गाडीत बसून राहिले. माझ्या उंचीचा आणि डोळ्याचा कुणी अपमान केला असे मला वाटले नाही. मी त्या सकाळच्या हिशेबातच नव्हते, एवढेच वाटले, आणि ते अपमानापेक्षा जड होते. तिसऱ्या वर्षी मी कुणालाच काही विचारले नाही.

परवा आपण बांधावर दिसलात तेव्हाही मी विचारणार नव्हते. आपल्यासोबत सहा-सात जण होते, बहुतेक कॉलेजची मुले, सगळी उंच. मी जरा बाजूला उभी होते. आपण त्यांना काहीतरी सांगत होता, ते सांगणे संपवलेत आणि मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात विचारलेत, "काकू, तुम्ही कोणत्या डोळ्यानं बघता?"

हा प्रश्न मला आजवर डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर कुणी विचारला नव्हता. मान डावीकडून पुढे काढून पाहण्याची माझी लकब आपण लांबून टिपली असणार. मी डावा म्हटले. आपण ट्रायपॉडचे तिन्ही पाय एकेक करून आत घेतलेत, स्कोप माझ्या डाव्या डोळ्यासमोर आणलात, स्वतः चिखलात एक गुडघा टेकून आधी पाहिलेत आणि मग बाजूला झालात. काठी सुटी राहावी म्हणून माझी पिशवीही आपण घेतलीत. दिसले का, असे एकदाही विचारले नाहीत.

आणि मला दिसले. त्या रेघेतून पक्षी निघाले. पाय निघाले, पायांची प्रतिबिंबे निघाली. एकाने मान खाली नेऊन चोच उलटी करून पाण्यात धरली, आणि ती चोच जवळजवळ काळी वाटावी इतकी गडद लाल होती. म्हणजे हा लहान रोहित, असे आपण शेजारून म्हणालात. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी असते, काळे फक्त टोक, आणि उंचीलाही तो याच्या दीडपट. या उलट्या चोचीत जीभ पंपासारखी मागेपुढे होते, आतल्या कंगव्यासारख्या पट्ट्यांतून पाणी बाहेर जाते, शेवाळ आत राहते आणि त्या शेवाळातूनच पिसांना गुलाबी रंग येतो, हे आपण सांगत असताना मी तेच डोळ्याने पाहत होते. गुडघा उलटा वाकतो असे वाटते तो गुडघा नसून घोटा आहे, हेही तेव्हाच कळले. गुलाबी पक्ष्यांच्या मध्ये एक राखाडी पिल्लू होते, आईबापांएवढेच उंच, अजून रंग न चढलेले. त्याच्या पायाशी शेकाट्या नावाचे दोन लहान पाणपक्षी लगबगीने फिरत होते. मी किती वेळ पाहिले ते मला सांगता येणार नाही. मागे रांग आहे हे लक्षात आल्यावर मी संकोचून बाजूला झाले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते इथे आहे. मी बाजूला झाल्यावर आपण ट्रायपॉड पुन्हा उंच केला नाहीत. मला वाटले विसरलात. पुढचा मुलगा सहा फुटांच्या आसपास असेल, त्याने पायांच्या खिट्टीला हात घातला तेव्हा आपण सहज म्हणालात, "राहू दे, काकूंना परत बघायचं असेल. आपण वाकू या." तो मुलगा वाकला. त्याच्यानंतरची मुलगी वाकली. एकामागून एक ती सगळी मुले कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून पाहत राहिली, आणि कुणी कुरकुर केली नाही. त्यानंतर तासभर आपण तिथे होता आणि तो स्कोप पूर्ण तासभर माझ्या उंचीवर राहिला. मी आणखी चार वेळा पाहिले. चारही वेळा मला कुणाला काही सांगावे लागले नाही, कुणी माझ्यासाठी काही हलवले नाही; मी चालत गेले आणि डोळा लावला.

पहिल्यांदा खाली केलात ती मदत होती आणि तिच्यासाठी मी आपले आभार तिथेच मानले. पण दुसऱ्यांदा जे झाले त्याने मला घरी येऊन देवासमोर बसावे लागले. प्रत्येक वेळी उंच करायचा आणि माझ्यासाठी पुन्हा खाली करायचा, असे झाले असते तर मी दुसऱ्यांदा गेले नसते. सारखे आपल्यासाठी कुणाला तरी थांबवावे लागते, या जाणिवेने माझ्या वयाची माणसे किती गोष्टी सोडून देतात, हे तरुणांना दिसत नाही. आम्ही नाटकाला जाणे सोडतो, कारण रांगेतून आत जाताना सगळ्यांना उठावे लागते. बसने जाणे सोडतो, कारण पायरी चढताना कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर असतो. आणि विचारले तर आता हौस राहिली नाही, असे सांगतो. माझ्या शेजारच्या विंगमध्ये एक बाई आहेत, त्या उत्तम गात असत. भजनाची बैठक दुसऱ्या मजल्यावर असते आणि लिफ्ट नाही, म्हणून त्या जात नाहीत, आणि बैठक खाली आणावी असे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आजवर आले नव्हते. माझ्याही नाही. काल मी ते सुचवले आहे.

मला आयुष्यात चांगली माणसे पुष्कळ भेटली. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला एखाद्या घरी मृत्यूची खबर जोडून द्यायची असली की आमच्या एक वरिष्ठ बाई लाइन लगेच सोडत नसत. पलीकडचा माणूस गप्प झाला तरी त्याला कुणीतरी आहे असे वाटावे म्हणून क्षणभर थांबत, आणि मग अगदी हलक्या हाताने कॉल जोडणारी दोरी बोर्डातून काढत. त्यांनी हे कुणाला शिकवले नाही. आम्ही पाहून पाहून तसेच करू लागलो. परवा ती मुले वाकताना पाहून मला इतक्या वर्षांनी त्या बाईंचा हात आठवला.

जाताना आपण एक गोष्ट बोललात ती मनात राहिली आहे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले, पण त्याची हद्द वाशीच्या पुलापासून ऐरोलीकडे जाते, आणि भरतीला पक्षी जिथे येऊन उभे राहतात ती ही पाणथळ त्या हद्दीबाहेर आहे, असे आपण म्हणालात, आणि आपला आवाज तेवढ्यापुरता बदलला. त्यासाठी जिथे सही लागेल तिथे माझी धरावी. मला जमावाला बोलावता येत नाही, पण फोनवर चिकाटीने बोलता येते, आणि ते काम मी अडतीस वर्षे केले आहे.

घरी आल्यावर मी सगळे यांना सांगितले. यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे तीन वर्षे मी एकटीच जात होते आणि परत आल्यावर हे वहीत तारीख, तिथी आणि 'रेघ दिसली' एवढेच लिहीत. परवाची नोंद दोन पाने भरली. राखाडी पिल्लाविषयी यांनी तीनदा विचारले, आणि मग रिक्षा कुठपर्यंत जाते तेही विचारले.

चैत्र शुद्ध एकादशीला भरती पुन्हा सव्वाआठच्या सुमारास आहे. आम्ही दोघे साडेसातपासून त्याच बांधावर असू. त्या दिवशी उपास असतो, म्हणून शेंगदाण्याचे लाडू करून आणीन, मुलांनाही पुरतील इतके. आपल्याला जमले तर यावे. हे पावणेसहा फूट उंच आहेत. स्कोप होता तिथेच असेल आणि वाकावे लागेल, हे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

अनेक आशीर्वादांसह,
आपली,
बांधावरच्या काकू