काचेचा दागिना ‘आपोआप’ फुटत नाही

संपादक महोदय,

सणासुदीच्या तोंडावर नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोड परिसरात हस्तनिर्मित दागिन्यांची प्रदर्शने भरतात. तिथून घेतलेला काचेचा मणी डबीतल्या डबीत दुभंगला, अशी तक्रार घेऊन कोणी गेले की उत्तर ठरलेले: ‘काच आहे ताई, फुटणारच!’ फुटलेला तुकडा नीट पाहिला तर दोष वापरणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा, हे बऱ्याचदा कळते.

ज्योतीवर वळलेल्या मण्यांपासून सुरुवात करू. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळईला माती-ॲल्युमिनाचा लेप देऊन वाळवतात. मग पाच-सहा मिलिमीटरची काचकांडी बर्नरवर मऊ करून सळईभोवती गुंडाळतात. लेप पातळ किंवा ओला राहिला तर मणी सळईला चिकटतो आणि ओढून काढताना चिरतो. पण खरा घोळ होतो तो पुढे. ज्योतीबाहेर आलेल्या मण्याचा पृष्ठभाग आधी गार होऊन घट्ट होतो, गाभा तापलेलाच असतो, आणि तो ताण काचेत तसाच अडकून बसतो. तो काढायला भट्टीत ॲनीलिंग करावे लागते. 104 प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती प्रसरते ते सांगणारा आकडा) मऊ काचेसाठी सुमारे 510 ते 520 अंश सेल्सिअसवर अर्धा ते एक तास, आणि मग सावकाश उतरवणे. भट्टी महाग म्हणून अनेक जण मणी राखेत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणारे हलके खनिज) पुरून ठेवतात. त्याने गार होण्याचा वेग कमी होतो, ॲनीलिंग होत नाही. बारीक मणी त्यातूनही टिकतात. सुपारीएवढा मणी मात्र महिन्याभरानेही तडकू शकतो.

भोकापासून निघालेली चीर आडवी जाऊन मणी दुभंगला, तर बहुधा ॲनीलिंग झालेले नसते. चीर दोन रंगांच्या सांध्यावरून फिरली असेल, तर बेमेल काचा एकत्र आल्या आहेत असे समजावे. 104 च्या काचेवर 90 ची नक्षी, किंवा भंगारातल्या बाटलीचा तुकडा, हे गार होताना सारखे आकसत नाहीत. पारदर्शक मणी घरीही तपासता येतो. लॅपटॉपचा पडदा पांढरा ठेवून समोर पोलराइज्ड गॉगलची काच धरावी आणि पडदा काळा दिसेपर्यंत ती फिरवावी. मधे मणी धरल्यावर आत उजळ डाग दिसले तर ताण शिल्लक आहे. गोल मण्याच्या कडेला थोडा उजेड दिसतोच, तो सोडून द्यावा.

बांगडीचे दुखणे निराळे. फिरोझाबादला वितळलेल्या काचेची तार फिरत्या बेलनावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात आणि त्या वेटोळ्यावर सरळ चीर मारून उघड्या तोंडाच्या कड्या सुट्या करतात. प्रत्येक कडीची दोन टोके वर-खाली असतात. ‘सिधाई’त ती गरम करून एका पातळीत आणतात, ‘जुडाई’त ज्योतीवर सांधतात. जोड वरवर चिकटला असेल तर बांगडी तिथेच जाते. जोडावरून नख फिरवा. अडकता कामा नये. डझनातली एखादी पिचलेली असली तर हलवल्यावर बद्द वाजते. आमचे भद्रकाली-पंचवटीचे जुने कासार आधी तेवढेच ऐकतात. मापाचाही गोंधळ असतो: 2.4 म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश इंच नव्हे, तर दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे आतला व्यास साधारण 57 मिलिमीटर. 2.6 म्हणजे 60. ऑनलाइन मागवणाऱ्यांचे हात इथेच सोलवटतात.

पोत तुटली की बोल पटवेकऱ्याला, म्हणजे ती ओवणाऱ्याला, लागतो. बारीक काळे मणी काचेची पोकळ नळी ओढून, तिचे तुकडे करून बनतात. हे तुकडे भुकटीत घोळवून पुन्हा तापवत फिरवले की कडा गोल होतात. ही पायरी घाईत उरकली तर भोकाची धार दोरा कापते. ओवण्यापूर्वी मुठीतले पाच-दहा मणी दोऱ्यावर पुढे-मागे ओढून पाहावेत. दोरा पिंजला तर तो माल परत करावा. रंगीत मण्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवल्यास वरून दिलेला रंग निघतो, काचेच्या अंगचा निघत नाही. मागे चंदेरी वर्ख असलेले खडे मात्र पाण्यात घालूच नयेत, वर्ख काळवंडतो.

राहता राहिले ‘मुरानो’. व्हेनिसच्या काचभट्ट्या 1291 मध्ये ज्या बेटावर हलवल्या, त्याचे हे नाव. आपल्याकडे ते नाव लावून विकल्या जाणाऱ्या मण्यांत उत्तर प्रदेशातील पुरदिलनगर आणि बनारसचा माल असतो. तो चांगलाही असतो, मग नाव का चोरायचे?

प्रदर्शनाच्या आयोजकांनी प्रत्येक स्टॉलच्या पावतीवर काच कोणती, कुठे बनली आणि ॲनीलिंग भट्टीत झाले का, एवढे तीन तपशील सक्तीचे करावेत. मणी घेऊन परत आलेल्या ग्राहकाशी बोलताना मग विक्रेत्याच्या हातीही काहीतरी असेल.

– काचमणी व बांगडी व्यवसायातील काही जण, नाशिक