रिस्टोर करून पाहिलंय का कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

या सदरात मी आजवर लिहिलं ते रस्त्यांवर आणि पाण्यावर. आजचं दुखणं वेगळं आहे. ते कारखान्याच्या गेटच्या आतलं आहे, पण वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना, लातूर इथल्या बऱ्याच मालकांना त्याचा पत्ताच नाही, म्हणून जाहीर लिहितो.

माझं वय ५७. इथल्या आयटीआयतून इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला आणि १९९१ साली वाळूजच्या एका कारखान्यात यूपीएसच्या बॅटऱ्या सांभाळायला लागलो. ज्याच्याकडे बॅटऱ्या त्याच्याकडे कॉम्प्युटर, या न्यायाने पुढे सिस्टीमवाला झालो. दिवाळीनंतर निवृत्त होतोय. माझ्या जागेसाठी गेल्या महिन्यात नऊ जणांच्या मुलाखती झाल्या. कारखान्यातल्या माणसांची लॉगिन खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "डोमेन कंट्रोलरवरून एका विभागाची सगळी खाती पुसली गेली. काय कराल?" सहा जण म्हणाले, "दुसरा डोमेन कंट्रोलर असतो ना, सर." दोघे म्हणाले, "क्लाउडवर असतं." नववी मुलगी अंबडची, पॉलिटेक्निकची. तिने उलट मलाच विचारलं, "सर, बॅकअप किती दिवसांचा आहे?" मी खुर्चीत सरळ बसलो. २०१६ साली हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर माझे अकरा दिवस वाचले असते.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कारखान्यात सकाळी कोणी कॉम्प्युटरवर नाव-पासवर्ड टाकतो, तेव्हा हा माणूस कोण, कोणत्या विभागातला, याला कोणतं फोल्डर उघडायची मुभा आणि कोणत्या प्रिंटरवर कागद काढायची, हे सांगणारी एक वही सर्व्हरवर असते. मायक्रोसॉफ्टच्या जगात तिचं नाव ॲक्टिव्ह डिरेक्टरी. विंडोज २००० सर्व्हरबरोबर ती आली. ती वही मुळात एका फाइलमध्ये असते, एनटीडीएस डॉट डीआयटी. आमच्याकडे ती फाइल मोबाइलवरच्या एखाद्या लग्नाच्या व्हिडिओएवढीसुद्धा नव्हती, पण ती गेली की कारखाना आपल्याच माणसांना ओळखत नाही.

आमच्याकडे अगदी तेच झालं. २०१६ची खंडेनवमी १० ऑक्टोबरला होती. आम्ही सर्व्हरच्या रॅकलाही हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. १३ तारखेला, गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, एका शिकाऊ मुलाने नवीन शॉपची, म्हणजे कारखान्यातल्या नव्या विभागाची, डिरेक्टरीत मांडणी करताना 'प्रॉडक्शन' हा अख्खा विभाग पुसला. १४० खाती गेली. चुकून पुसू नये म्हणून तिथे एक टिकमार्क असते. विभाग इकडून तिकडे हलवताना ती आडवी येते म्हणून आदल्या आठवड्यात मीच काढली होती. त्यामुळे त्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. तो पांढराफटक पडून म्हणाला, "काका, दुसऱ्या सर्व्हरवरून घेऊ या." दुसऱ्यावर गेलो तर तिथेही नाही. एकाच जागेतले दोन कंट्रोलर पंधरा सेकंदांत एकमेकांना बदल कळवायला लागतात. बदल म्हणजे पुसणंही आलंच. दोन सर्व्हर असले की एक जळाला तरी दुसरा चालतो. माणसाची चूक मात्र दोघांवर सारखीच उतरते. मुलाखतीतल्या त्या सहा जणांना मी हेच सांगितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना पटलेलं दिसलं नाही.

तोवर गेटवर माल भरलेल्या सात गाड्या उभ्या होत्या. गेटपास छापणाऱ्या कारकुनाचं खातंच अस्तित्वात नव्हतं. गाडी वेळेत पोचली नाही तर समोरच्या कंपनीची लाइन थांबते आणि त्याचा दंड आमच्या बिलातून कापला जातो. वॉचमन आत डोकावून म्हणाला, "दिवे तर समदे लुकलुकू राह्यले, साहेब, मग बंद काय हाय?"

बॅकअप होता. रोज रात्री अकराला न चुकता व्हायचा. फाइल सर्व्हरचा, ईआरपी या कारखान्याच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरचा, टॅलीचा. पण डिरेक्टरी ज्यात येते तो 'सिस्टीम स्टेट' नावाचा भाग बॅकअप लावून देणाऱ्या एजन्सीने डिस्क भरत आली म्हणून यादीतून काढला होता. रोजच्या मेलमध्ये 'बॅकअप यशस्वी' येत होतं आणि ते खोटंही नव्हतं. जे घ्यायला सांगितलं होतं ते यशस्वीपणे घेतलं जात होतं. सिस्टीम स्टेटची शेवटची प्रत निघाली १३ मार्चची. २१४ दिवस जुनी.

इथेच त्या अंबडच्या मुलीचा प्रश्न येतो. डिरेक्टरीत एखादं खातं पुसलं की ते लगेच नाहीसं होत नाही. त्याच्यावर थडग्याचा दगड बसवून ते बाजूला ठेवतात. तांत्रिक भाषेतही शब्द तोच आहे, टूम्बस्टोन. पूर्वी ही मुदत ६० दिवस होती. २००३ सर्व्हरच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर उभारलेल्या डोमेनमध्ये, म्हणजे एका डिरेक्टरीखालच्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यात, ती १८० दिवस असते. मुदत संपली की दगडही जातो. त्याहून जुना बॅकअप उतरवला, म्हणजे रिस्टोर केला, तर कधीच गेलेली माणसं परत हजेरी लावतील आणि बाकीच्या सर्व्हरना त्यांचा थांगपत्ता नसेल, म्हणून १८० दिवसांपलीकडचा बॅकअप कामाचा नाही. मार्चची डिस्क हातात घेऊन मी हे वाचलं. आकडा दोनदा मोजला.

मग मी जे केलं ते आजही सांगायला लाज वाटते. १४० खाती हाताने परत तयार केली. तीच नावं, तेच स्पेलिंग. लोक लॉगिन झाले आणि पाचव्या मिनिटाला फोन सुरू झाले. फोल्डर उघडत नाही, डेस्कटॉप कोरा आहे. स्टोअरचे भाऊसाहेब वर आले, त्यांच्या स्क्रीनवरचा नातीचा फोटो गेला होता. झालं असं की प्रत्येक खात्याला आत एक लांबलचक क्रमांक असतो आणि परवानग्या त्या क्रमांकाला दिलेल्या असतात, नावाला नाही. वाड्यात जुन्या भाडेकरूच्याच नावाचा नवा माणूस राहायला आला म्हणून जुन्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे येत नाही. एकेका फोल्डरच्या परवानग्या परत बसवायला अकरा दिवस लागले. दिवाळीच्या खरेदीला घरची मंडळी माझ्याविना गेली.

आणि सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. महिन्याभराने कळलं की थडग्याखालची ती १४० खाती त्या दिवशी तशीच शाबूत होती. त्यांना बाहेर काढायची रीत आहे. गटांची सभासदत्वं आणि बरीच माहिती गळते, पण तो आतला क्रमांक टिकतो. एका दुपारचं काम होतं. डिरेक्टरीची कचरापेटी, म्हणजे रिसायकल बिन, आधी चालू केलेली असती तर तेवढंही नाही, पाच मिनिटांत सगळं जसंच्या तसं परत आलं असतं. ही सोय २००८ आर-टूपासून आहे, पण ती आपण चालू करावी लागते. एकदा चालू केली की बंद करता येत नाही, या भीतीने आमच्याकडे कोणी हात लावला नव्हता.

त्यानंतर मी ठरवलं की आपण बॅकअप घेतो हे सांगायचंच नाही, उतरवून दाखवायचा. भंगारात निघालेला एक पीसी मागून घेतला, त्यात १६ जीबी रॅम टाकली, त्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला दुसरा कॉम्प्युटर, केलं. त्याची लॅनची वायर काढून पोर्टवर लाल टेप चिकटवली, कारण उतरवलेला सर्व्हर चुकून चालू नेटवर्कला लागला तर नवीनच भानगड. वर्षात दोन तारखा धरल्या, गुढीपाडवा आणि १७ सप्टेंबर. मुक्तिसंग्राम दिनाचं सिद्धार्थ उद्यानातलं झेंडावंदन आटोपून मी कारखान्यात येतो.

पहिली तालीम २०१७च्या पाडव्याला, आणि ती साफ फसली. डिरेक्टरी उतरवायची तर सर्व्हर एका खास दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू करावा लागतो आणि तिथे नेहमीचा पासवर्ड चालत नाही. तो वेगळाच असतो, सर्व्हरला डोमेन कंट्रोलर करताना दिलेला. आमचा २०११ साली एजन्सीच्या एका मुलाने दिला होता. तो आता पुण्याला. सणाच्या दिवशी फोन लावला तर म्हणतो, "काका, कंपनीचं नाव, ॲट, वन टू थ्री करून बघा." नाही लागला. खरा सर्व्हर चालू होता म्हणून एनटीडीएसयूटिल नावाच्या साधनाने तो पासवर्ड नव्याने देता आला. सर्व्हर खरोखर पडला असता तर? आता तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट सील करून कॅशियरच्या तिजोरीत आहे.

दुसऱ्या तालमीत बॅकअप उतरला, पण कोणीच लॉगिन होईना. तीन तास डोकं खाजवलं. भंगारातल्या पीसीची सीएमओएस बॅटरी मेली होती आणि घड्याळ मागे पडलं होतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की डोमेन माणसाला ओळख देत नाही. आयुष्यभर बॅटऱ्या सांभाळलेल्या माणसाला वीस-पंचवीस रुपयांच्या बॅटरीने पाडलं.

तिसऱ्या वेळी कळलं की नुसतं उतरवून भागत नाही. पुसलेली खाती बॅकअपमधून परत आणली, पण दुसऱ्या सर्व्हरच्या वहीत 'पुसलं' ही नोंद जास्त ताजी असते. दोघं भेटले की तो ती पुन्हा पुसायला लावतो. म्हणून परत आणलेली नोंद 'हीच खरी' असं सांगावं लागतं. मग तिचा आवृत्ती क्रमांक बॅकअपच्या वयाच्या दर दिवसामागे एक लाखाने वाढतो आणि दुसरा सर्व्हर मुकाट ऐकतो. पहिल्या तालमीत रात्रीचे नऊ वाजले होते. गेल्या पाडव्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली.

त्याच २०१७च्या २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे जवळपास सगळे कॉम्प्युटर गेले. आपल्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही अडकलं. पुढे तिच्याच अध्यक्षांनी सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्याने बसवले. पण डिरेक्टरी कुठून आणायची? त्यांचे जगभर दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते, सगळे एकमेकांची प्रत. पण व्हायरस सगळ्यांवर पोचला आणि सगळे एकदम गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का वाचला? तिथली वीज गेली होती! सर्व्हर बंद होता म्हणून व्हायरस पोचलाच नाही. तिथलं इंटरनेट इतकं संथ की प्रत पाठवायला दिवस लागले असते, म्हणून माणूस डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला आणि तिथून दुसऱ्याने ती लंडनला नेली. भारनियमनाला मराठवाड्यात कोणी चांगलं म्हटल्याचं ऐकलं नव्हतं. मी म्हटलं.

म्हणून एक डिस्क कायम वायर काढून, कारखान्याबाहेर ठेवायची. मी सुरुवातीला ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचो. नंतर उमगलं की त्या डिस्कमध्ये मालकांपासून सगळ्यांच्या पासवर्डचा अर्क असतो. सिटी बसमध्ये पिशवी विसरली असती तर? आता ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते आणि बँकेच्या लॉकरमध्ये जाते. त्या लॉकरच्या भाड्यावरून दर वर्षी अकाउंट्सशी वाद होतो.

'आमच्याकडे व्हर्च्युअल सर्व्हरचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची हुबेहूब प्रत, आहे' म्हणणाऱ्यांनी एक समजून घ्यावं. डिरेक्टरीचा सर्व्हर प्रत्येक बदलाला जावक क्रमांक देतो. स्नॅपशॉटवर मागे गेलात तर त्याचा जावक रजिस्टरमधला क्रमांक मागे जातो आणि नवीन पत्रं जुन्याच क्रमांकाने निघतात. समोरचं ऑफिस म्हणतं, हा क्रमांक आम्हाला आधीच मिळालाय, आणि पत्र न फोडता बाजूला ठेवतं. कोणाला काही कळत नाही आणि दोन वह्या वेगळ्या होत जातात. २०१२च्या सर्व्हरपासून यावर उपाय आला आहे, पण व्हर्च्युअल सॉफ्टवेअर साथ देणारं असेल तरच. आणि 'क्लाउडवर असतं' म्हणणाऱ्या त्या दोघांसाठी: मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये पुसलेलं खातं ३० दिवस परत आणता येतं, पुढे नाही. शिवाय कारखान्यातली डिरेक्टरी त्याला जोडलेली असेल तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं.

सायबर हल्ला झाला तर सहा तासांत केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सर्ट-इनला, कळवायचं, असं बंधन २०२२पासून आहे. ते ठीकच. पण पडलेला कारखाना किती तासांत उभा राहील, हे ऑडिटवाले विचारत नाहीत, विमावाले विचारत नाहीत आणि मालकांना विचारायचं सुचत नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. टाकीचं झाकण उघडून आत पाणी आहे का हे पाहिल्याशिवाय आपण झोपत नाही. 'टाकी भरली' असा मेल आला म्हणून कोणी गाफील राहिल्याचं मी पाहिलेलं नाही.

मालकांना माझं सांगणं इतकंच की आपल्या सिस्टीमवाल्याला 'बॅकअप चालू आहे ना' असं विचारू नका. 'मागच्या वेळी रिस्टोर कधी केलं आणि किती वेळ लागला' हे विचारा, आणि त्यासाठी त्याला एक जुना पीसी नि वर्षातले दोन दिवस द्या. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मास्तरांनी सर्व्हर बसवायला शिकवताना एक तास तो मोडून परत उभा करायला द्यावा. अंबडच्या त्या मुलीने हे घरच्या लॅपटॉपवर स्वतःच शिकलं होतं. जागा तिला मिळाली आहे. १७ सप्टेंबरची तालीम तीच घेणार, मी बाहेर चहा घेत बसणार आहे. तिने हाक मारल्याशिवाय आत जायचं नाही, असं घरून बजावून पाठवलं जाणार हे नक्की.

पत्र छापणार असाल तर एक विनंती आहे. टेक्नॉलॉजीच्या पानावर टाकू नका. मालक लोक ते पान वाचत नाहीत, पाणी आणि बाजारभाव वाचतात.

आपला नम्र,
एक सिस्टीमवाला, वाळूज
(नाव-पत्ता कळवला आहे. छापू नये, कारखाना ओळखू येईल.)