झाडू, दगड आणि शिट्टी

कॅल्गरी,
१८ जानेवारी २०२६

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

चिनूनं पाठवलेला व्हिडिओ बघून तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "इतकी शिकलीस, सातासमुद्रापार गेलीस, आणि तिथं जाऊन झाडूच मारतेस होय?" मागून आईचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं. बोलण्यात तुमच्याशी कोण जिंकणार, पंचाची शिट्टी कायम तुमच्याकडंच. म्हणून लिहायला बसले.

त्या झाडूच्या खेळाचं नाव कर्लिंग. पंचेचाळीसेक मीटर लांब बर्फाची पट्टी, पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळं आणि वर मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा दगड, साधारण १९ किलोचा. एका बुटाचा तळवा गुळगुळीत असतो. त्यावर तोल सांभाळत, जवळजवळ बसूनच घसरत जायचं आणि मुठीला किंचित पीळ देऊन दगड सोडायचा. दोन्ही बाजूंचे मिळून १६ दगड झाले की मधल्या ठिपक्याला ज्यांचा दगड सर्वांत जवळ, गुण फक्त त्यांना. थोडक्यात गोट्याच. समोरच्याचा टोलवायचा, आपला दुसऱ्याच्या आडोशाला लपवायचा. चांगले दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरच्या खडकाचे असतात. बेटावर माणूस राहत नाही, पण तिथला दगड जगभर घसरतोय.

आता झाडू. हा बर्फ आरशासारखा नसतो. खेळाआधी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खरखर उठवतात. धावत्या दगडापुढं जोर लावून घासलं की तिथला बर्फ किंचित ऊब धरतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. वीस-पंचवीस सेकंद पळत पळत फरशी घासून बघा, अण्णा. पहिल्या गुरुवारी मी दोनदा आपटले आणि दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. "दम लागतो तो खेळ" ही तुमची व्याख्या असेल तर मी पास.

दादाची व्याख्या वेगळी. ऑलिम्पिकात आहे तो खेळ, नाही तो टाइमपास. पण ऑलिम्पिकचं मन सासूसारखं आहे, आज लाडकी ती उद्या नकोशी. १९२८ मध्ये सेंट मॉरिट्झला घोड्याच्या मागं दोर धरून स्कीवर पळण्याची शर्यत दाखवली, पुन्हा नाव नाही. (हे तुम्हाला आवडलं असतं. बैलगाडा शर्यतच, फक्त गाडा नाही.) पालथं झोपून, डोकं पुढं करून घसरायचं ते स्केलेटन १९२८ आणि १९४८ ला होतं, मग थेट २००२ ला परत आलं. कर्लिंगला १९२४ नंतर पूर्ण पदकाचा मान थेट १९९८ ला मिळाला, त्याआधी १९८८ ला आमच्या याच कॅल्गरीत ते नुसतं प्रदर्शनापुरतं होतं. त्याच वेळी इथं स्की बॅले पण झालं, संगीतावर गिरक्या घेत उतारावरून खाली. ते पुढं कुठं गेलं कुणास ठाऊक नाही असं नाही, बंदच पडलं. आणि पुढच्या महिन्यात इटलीत स्कीवर डोंगर चढण्याची शर्यत नव्यानं येतेय. मग दादाच्या हिशोबानं ती डिसेंबरपर्यंत खेळ नव्हती काय? आपली कबड्डी आणि मल्लखांब १९३६ ला अमरावतीच्या मंडळींनी बर्लिनला जाऊन दाखवले, ते तुम्हीच शाळेत दरवर्षी सांगायचात. नव्वद वर्षं झाली, आत घेतलेलं नाही. म्हणून तुम्ही कधी शिट्टी खाली ठेवलीत?

तुमचं दुसरं म्हणणं मला जास्त पटतं, की टेबलावर बसून कुणी "छान, साडेआठ" म्हणतो तिथं स्पर्धेपेक्षा नाच जास्त. पण मग मल्लखांबाला गुण कोण देतं, अण्णा? तिथं तुमचा आवाज खाली येतो, मला माहितीये.

उताणं पडून घसरायच्या ल्यूज या खेळाला तुम्ही हसलात ना, त्यात आपला मनालीचा शिवा केशवन सहा ऑलिम्पिक खेळलाय. पहिलं १९९८ ला, सोळाव्या वर्षी. बर्फाची वाट मिळेना म्हणून घसरगाडीला चाकं लावून घाटातल्या ट्रकांमधून सराव करायचा. त्याला खेळाडू म्हणायचं नसेल तर मग कुणालाच नको.

चिनूची फर्माईश जपानमधल्या बर्फाच्या गोळ्यांच्या लढाईची आहे. तिकडं होक्काइडोत तिच्या रीतसर स्पर्धा होतात. एका बाजूला सात गडी, डावाला ९० गोळे आधीच वळून ठेवलेले, गोळा लागला की गडी बाद. सात गडी म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणणार नाही.

माझ्याबरोबर झाडू मारणारे गृहस्थ मूळचे क्वेबेकचे, बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या गावाकडं अर्धवट गोठलेल्या सेंट लॉरेन्स नदीत नावांची शर्यत असते. पाचजण, पाणी आलं की वल्हवायचं, बर्फ आला की एक पाय नावेत ठेवून दुसऱ्यानं ढकलत पळायचं. बेटावरच्या लोकांची टपाल आणायची वाट ती, १९५५ पासून शर्यत झाली. मी विचारलं, हा खेळ म्हणायचा का? ते म्हणाले, "माझ्या आजोबांना विचारलं असतंस तर ते तुला पाण्यात ढकलून देते."

या माणसामुळंच हे पत्र लिहितेय, खरं सांगायचं तर. परवाच्या गुरुवारी शेवटच्या डावात माझा झाडू आमच्याच धावत्या दगडाला लागला. निसटता, केसाएवढा. समोरच्यांपैकी कुणी पाहिलं नाही. आमच्या क्लबात पंच नसतो, अण्णा. ज्याचा झाडू लागला त्यानंच सांगायचं. आणि मी गप्प राहिले. फार नाही, दोन श्वास असतील. तेवढ्यात हे गृहस्थ कंबर सरळ करून म्हणाले, "आमचा स्पर्श झाला." आमचा म्हणाले, हिचा नाही. दगड बाहेर गेला, आम्ही एका गुणानं हरलो. मग रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पेयं पाजली. मी कॉफी घेतली. त्या गोष्टीचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही, त्यानं जास्त झोंबलं.

रात्री मला तुमचा तो यात्रेतला कबड्डीचा सामना आठवत राहिला. पंच म्हणून स्पर्श दिलात म्हणून पोरांनी तुम्हाला घेरलं होतं आणि तुम्ही फाटक्या सदऱ्यानं सायकल हातात धरून घरी आला होतात. आईनं विचारलं तर म्हणालात, "लागला होता हात." बस.

कर्लिंगला खेळ म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यावर आता भांडत नाही. पण मी जे दोन श्वास गप्प बसले त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते फोनवर नको, लिहून कळवा.

पुढचा सामना २२ ला आहे. डावं कोपर अजून ठणकतंय. हळद-तुरटीचा लेप गरम लावायचा की गार, आईला विचारून ठेवा. इथं उणे अठरा आहे, चिनू बरा आहे.

तुमची,
सुमी