लाइटीमुळे प्रोसेसर बदलत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पुणे कार्यालय

विषय : कोटेशनप्रमाणे न पाठवलेला वापरलेला रॅक सर्व्हर दुरुस्त करून देणे अथवा पूर्ण रक्कम परत करणेबाबत.

महोदय,

तुमच्याकडून मी डेल पॉवरएज आर७३० हा वापरलेला सर्व्हर घेतला. किंमत ७२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९६० रुपये, असे एकूण ८४,९६० रुपये आगाऊ भरले. भाडं वेगळं दिलं. आलेलं मशीन कोटेशनप्रमाणे नाही, हे फोनवर सांगून झालं, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून झाले, ईमेलही केले. तुमच्या सर्व्हिस विभागाचं उत्तर ठरलेलं : "सर, तुमच्या मराठवाड्यात लाइटीचा प्रॉब्लेम असतो, मशीन आमच्याकडून ओकेच निघालंय." म्हणून आता लेखी तक्रार करत आहे.

आधी प्रोसेसरचं. कोटेशनमध्ये इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४, दोन नग, असं लिहिलं आहे. मशीनमध्ये निघाले ई५-२६८० व्ही३. व्ही४ ही नवी पिढी, तिला १४ कोअर, म्हणजे हिशेब करणारे गाभे असतात, आधीच्या व्ही३ ला १२. म्हणजे दोन्ही मिळून २८ ऐवजी २४ कोअर मिळाले, आणि २४०० च्या वेगाची म्हणून दिलेली रॅम व्ही३ मुळे २१३३ वर चालते. हीटसिंक काढून चिपवरचं नाव वाचलं, त्याचा फोटो तुमच्याकडे आहे. आता मला सांगा, कुठल्या लाइटीने १४ कोअरचा प्रोसेसर १२ कोअरचा होतो? व्होल्टेज कमी-जास्त झालं तर चिप जळेल, पण तिच्यावरचं नाव तर बदलणार नाही. तुमच्या प्रतिनिधीने यावर "दोघांत तसा काही फरक नसतो" असंही ऐकवलं. फरक नसेल तर व्ही४ पाठवून द्या, माझी काही हरकत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. या सर्व्हरला पुढच्या बाजूला ओढून बाहेर काढायची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर सर्व्हिस टॅग, म्हणजे डेलने त्या मशीनला दिलेला ओळख क्रमांक, छापलेला असतो. त्या पट्टीवरचा टॅग आणि आयडीरॅकमध्ये (सर्व्हरवर दुरून नजर ठेवायची मदरबोर्डवरची सोय) दिसणारा टॅग एक नाहीत. म्हणजे पेटी एका मशीनची, मदरबोर्ड दुसऱ्याचा. आयडीरॅक एंटरप्राइझचं लायसन्स कोटेशनमध्ये आहे, मशीनमध्ये मात्र कमी सोयींचं एक्सप्रेसच आहे. हे लायसन्स सर्व्हिस टॅगला बांधलेलं असतं, त्यामुळे बोर्ड बदलताना ते मागेच राहिलं असावं. एंटरप्राइझशिवाय व्हर्च्युअल कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा स्क्रीन दुसऱ्या संगणकावर, उघडत नाही. घरात मशीन एका खोलीत आणि माणूस दुसरीकडे, अशा वेळी तोच तर सगळ्यात कामाचा. जुना बैल घेणाऱ्याला बाजारात निदान दात मोजू देतात. तुम्ही मला पाठवलेल्या फोटोंत ही पट्टी नेमकी आत ढकललेली आहे.

तिसरं, पॉवर सप्लाय. दोन्ही ७५० वॅटचे ठरले होते. एक ७५० चा आहे, दुसरा ४९५ चा, आणि आयडीरॅक दोघांचा मेळ बसत नाही म्हणून सतत इशारा देतो. शिवाय ए३ स्लॉटमधली रॅम लॉगमध्ये दुरुस्त होण्याजोग्या चुका दाखवते. आता इथे तुम्हाला लाइटीचं कारण थोडं तरी चिकटवता आलं असतं. पण लाइफसायकल लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं त्या नोंदवहीत, प्रत्येक नोंदीला तारीख असते. पॉवर सप्लायच्या बिघाडाची आणि ए३ ची पहिली नोंद ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवरच्या तारखेच्या आधीची आहे. मशीन तेव्हा तुमच्या गोदामात होतं, तुमच्या लाइटीवर चालत होतं. लॉगची प्रत सोबत जोडली आहे.

माझ्याकडच्या विजेबद्दलही एकदाचं सांगून टाकतो. आमच्याकडे लाइट जाते, हे खरं आहे, ते काही गुपित नाही. त्यासाठीच सर्व्हरला साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर न ठेवता शुद्ध साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस घेतला, कारण असल्या पॉवर सप्लायना स्क्वेअर वेव्ह मानवत नाही. अर्थिंगचा खड्डा नवीन घेतला, उन्हाळ्यात त्यात पाणी घालतो. वायरमनने मोजलं तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १ व्होल्टही नव्हता, म्हणजे अर्थिंग ठीक आहे. पॉवर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं आहे, म्हणजे तेवढा चढ-उतार त्याला चालतो. तुमचा प्रतिनिधी उन्हावरही घसरला होता, म्हणून तेही सांगतो : मशीन माळवदाच्या खोलीत ठेवलं आहे, भिंती हातभर जाड. भर मे महिन्यात दुपारी आयडीरॅकवर आत येणाऱ्या हवेचं तापमान २९ अंश होतं, मर्यादा ३५ ची आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर निदान संन्यासी तरी नीट निवडा.

डिस्कचं थोडक्यात. "कमी वापरलेल्या" म्हणून दिलेल्या ४ टीबीच्या चार सॅस (सर्व्हरसाठीच्या) डिस्कपैकी एकीचे तास ५२,००० च्या वर आहेत. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ती जवळपास सहा वर्षं अखंड फिरली आहे. तिच्यात नव्याने खराब झालेल्या जागांची यादीही वाढत चालली आहे. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा रेड कंट्रोलरने (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणाऱ्या कार्डाने) डिस्कवर दुसऱ्याच मशीनची मांडणी सापडल्याचं सांगितलं. आयडीरॅकला डेलचं नेहमीचं 'रूट' हे नाव आणि 'कॅल्विन' हा पासवर्ड चालला नाही, कारण आधीच्या मालकाचाच पासवर्ड आणि आयपी पत्ता तसाच ठेवलेला होता. "डेटा पूर्ण पुसून देतो" असं तुमच्या जाहिरातीत आहे. मी ती मांडणी इम्पोर्ट केली नाही, आत काय आहे ते पाहिलं नाही आणि पाहणारही नाही. ज्या संस्थेने या डिस्क तुम्हाला विश्वासाने विकल्या, तिला हे कळलं तर ती काय म्हणेल, याचा विचार तुम्हीच करा.

कशाबद्दल तक्रार नाही, तेही नोंदवतो, नाहीतर गिऱ्हाईक किरकिरं आहे असं व्हायचं. पंख्यांचा आवाज, पत्र्यावरचे ओरखडे, लाइटबिल, हे सगळं गृहीत धरूनच घेतलं होतं. रिकामं चालतानाही हे मशीन १५० वॅटच्या आसपास खातं. चोवीस तास ठेवलं तर महिन्याला १०८ युनिट होतात आणि महावितरणचा पुढचा स्लॅब लागतो, म्हणून मी ते लागेल तेवढंच चालवतो. डोअर डिलिव्हरीचे पैसे घेऊन माल लातूरच्या गोदामात टाकला, तिथून तीसेक किलोची पेटी जीपने अंबाजोगाईला आणावी लागली, तेही मी सोडून देत होतो. इथल्या पतसंस्थांची आणि दवाखान्यांची संगणकाची कामं करतो, प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवायची प्रणाली) घरी हात बसावा, एवढ्यासाठी हे मशीन आहे. जुनं चालेल, पण लिहून दिलं तेच हवं.

माझी मागणी सरळ आहे. ई५-२६८० व्ही४ चे दोन प्रोसेसर, ७५० वॅटचा जोडीचा पॉवर सप्लाय, ए३ साठी १६ जीबीची रॅम, खराब डिस्क बदलून आणि मशीनच्या टॅगवरच रीतसर एंटरप्राइझ लायसन्स, हे सगळं पाठवा. ते जमत नसेल तर भाड्यासह पूर्ण रक्कम परत करून मशीन घेऊन जा. बिलावर फक्त "युज्ड सर्व्हर, १ नग" असं लिहिलं आहे, त्याचा आधार घेऊ नका. कोटेशन तुमच्याच ईमेलवरून आलेलं आहे आणि पैसे त्यावरच भरले आहेत.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. महिन्याभरात काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली बीडच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, त्यामुळे मला पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

मशीन परत नेणार असाल तर मूळ खोका आणि फोम जपून ठेवला आहे. डिस्क मात्र मी सीलबंद पाकिटात वेगळ्या देईन आणि त्याची सही-शिक्क्यासह पोच घेईन. गाडी अंबाजोगाईत दारापर्यंत आली पाहिजे, लातूरला नाही.

आपला,
एक ग्राहक
अंबाजोगाई, जि. बीड

सोबत : कोटेशन, बिल, बिल्टी, लाइफसायकल लॉग, प्रोसेसर व टॅगचे फोटो, डिस्कचा अहवाल