काडीला आइस्क्रीम तरी लागू दे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर जरा जास्तच बोललो. तू "बरं बाबा, ठेवते" म्हणालीस तेव्हाच कळलं की लागलंय तुला. तुझी आई पण नंतर माझ्यावर घसरली, पोरगी ऑफिसातून दमून आलेली आणि तुम्ही काय काड्यांवरून सुरू झालात म्हणून. पण मला काड्यांवरूनच बोलायचं होतं गं. शाळेनं अर्णवला सांगितलंय टाकाऊतून टिकाऊ, तुमच्याकडचं ते बेस्ट आउट ऑफ वेस्ट, आणि त्यासाठी तू ऑनलाइन मागवलंस काय तर शंभर आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट, ग्लू गन आणि चकचकीत कागद. अगं ज्या काडीला आइस्क्रीम कधी लागलंच नाही ती टाकाऊ कशी होईल? आता ते पाकीट राहू दे कपाटात, परत पाठवायच्या भानगडीत पडू नकोस.

फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून टाइप करतोय, एका बोटानं, चुका असतील त्या समजून घे.

दिवाळी तोंडावर आलीय तर त्याला कंदीलच करू दे. बांबूच्या कामट्या बंगलोरला कुठं शोधत बसू नकोस, रद्दीच्या नळ्या चालतात, शेजारून मागितलीस तर कुणीही देईल रद्दी. पेपरचं एक सुटं पान मधोमध फाडायचं, अर्धं घ्यायचं, कोपऱ्यावर स्वेटरची जाड सुई ठेवायची आणि तिरकं गुंडाळत जायचं, घट्ट, शेवटच्या टोकाला खळ लावायची आणि सुई ओढून काढायची. अशा 24 नळ्या, म्हणजे 12 पानं. खळ म्हणजे एक चमचा मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून शिजवायचा, बास, पण दोन दिवसात आंबते म्हणून थोडीच कर. पूर्वी आम्ही किडा लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचो पण ते विषारी, पोराच्या हातात अजिबात नको. नळ्या रात्रभर वाळल्या की दोन्हीकडची मऊ टोकं कापून सगळ्या 25 सेंटिमीटरच्या करायच्या. इथं मात्र पट्टी लावून मोजायचं, बाकी कुठं वाकडं झालं तरी चालतं, इथं नाही.

मग चार नळ्यांतून एक दोरा ओवायचा आणि गाठ मारायची, झाला चौकोन. दाभणात दोरा घालून दाभण नळीत सोडलं की ते वजनानंच खाली येतं, अर्णवला यातच सगळ्यात मजा येईल बघ. असे सहा चौकोन. त्यातले चार टोकावर उभे करायचे, शंकरपाळ्यासारखे, आणि गोल फिरवून कोपऱ्याला कोपरा बांधायचे. वरची चार टोकं वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना, खालची खालच्याला. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, ते वेगळे करावे लागत नाहीत. वरपासून खालपर्यंत साधारण 35 सेंटिमीटरचा होतो, बाल्कनीला पुरे.

आता एक गोष्ट, जी मला माझ्या पहिल्या कंदिलानं शिकवली. सगळं बांधून झालं तरी तो ताठ राहत नाही. मी खिळ्याला अडकवला आणि आईला हाक मारली बघायला ये म्हणून, ती येईपर्यंत तो पिळवटून खाली बसला होता, हवा गेलेल्या फुग्यासारखा, आणि ती दारात उभी राहून पदराआड हसत होती. मला वाटलं गाठी सैल आहेत, परत सगळ्या आवळल्या, परत बसला. गाठींचा काही दोष नव्हता. चौकोनाची खोडच तशी आहे, चारी काड्या सारख्या असल्या तरी तो कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनात कोपरा ते कोपरा असे दोन दोरे ताणून बांधायचे, फुली मारल्यासारखे. मग बघ कसा उभा राहतो. पूर्वी आमचं हे काम चौकोनावर ताणून चिकटवलेला पतंगाचा कागदच करायचा, म्हणून एरवी कुणाच्या लक्षात येत नसे.

अर्णवला हे आधी काडेपेटीच्या काड्यांवर दाखव. सायकलच्या वॉलट्यूबचे, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या बारीक रबरी नळीचे, दीड दीड सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, गुल खरवडून काढलेल्या काड्या दोन्हीकडून खुपसायच्या, तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन, आणि दाब म्हणायचं त्याला. ही आयडिया माझी नाही, अरविंद गुप्तांची. माणूस कानपूर आयआयटीतला इंजिनिअर, पण पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कितीतरी वर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवत राहिला, 2018 ला पद्मश्री मिळाली. त्यांचे मराठीतले व्हिडिओ फुकट बघायला मिळतात, कार्टूनच्या जागी एखादा लावून दे त्याला.

वरून लावायला तुझी जुनी ओढणी किंवा पतंगाचा कागद, उजेड आरपार यायला हवा एवढंच. चौकोनांच्या मधोमध लग्नपत्रिकेवरचे गणपती कापून लाव. दरवर्षी पत्रिका येतात आणि गणपती आहे म्हणून कुणी टाकत नाही, आपल्याकडे तर ट्रंकेत गठ्ठाच आहे. थर्माकोल मात्र नको, आपल्याकडे महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि तसंही ते भुरभुरत घरभर होतं. बल्ब एलईडीच लाव, जुन्या पिवळ्या बल्बनं कागद करपायचा. वायर, होल्डर तू किंवा जावईबापू जोडा, पोराला हात लावू देऊ नका. बाकी सगळं त्याला करू दे. नळी सैल झाली तर होऊ दे, परत गुंडाळायला लावू नकोस.

हे मी का सांगतोय तर तुझ्या चौथीतल्या प्रदर्शनाचं तुला आठवत असेल. तू काडेपेट्या एकावर एक चिकटवून बाहुलीचं कपाट केलं होतंस, खणांना शर्टाची बटणं लावून. मी ते बघितलं, म्हणालो वाकडं झालंय, आणि रात्री बसून डालड्याच्या पत्र्याची एसटी केली, डेपोत दिवसभर पत्राच कापायचो मी, हात बसलेला. झाकणांची चाकं, उघडणारं दार, मागं शिडी. पहिला नंबर आला. बाईंनी तुला विचारलं दार कसं गं केलंस, आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी हसलो आणि तूही हसलीस, पण घरी येताना सायकलवर मागं बसून एक शब्द बोलली नाहीस. तेव्हा मला वाटलं दमली असशील.

ती एसटी गंजून भंगारात गेली. तुझं कपाट माझ्या टेबलावर आहे अजून. वरच्या खणात बारके स्क्रू, मधल्यात फ्यूजची तार. खालचा खण अडकतो, पण बटण धरून जरा डावीकडं दाबलं की येतो.

दाभण आणि हातभर वॉलट्यूब पार्सलनं पाठवतोय, चकलीच्या डब्यात. टोकाला बूच लावलंय तरी डबा तूच उघड. चकल्या वरच्या कागदाच्या वर आहेत, आधी त्या काढ.

तुझा,
बाबा